दुसरी वेलांटी

देहूरोड,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रज्ञेश,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. थंडी पडल्यापासून पप्पांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण डेपोतल्या जुन्या मंडळींबरोबरचं सकाळचं फिरणं सोडायला तयार नाहीत. माझी शाळा नेहमीसारखीच. सहावीचे मराठीचे पेपर तपासते आहे आणि लाल शाई वाण्याकडून किलोनं आणावी लागेल असं दिसतंय. औंढ्याला तुझ्या आईंची साखर आता कशी आहे? भात झोडून झाला का? त्यांना म्हणावं, अनवाणी खळ्यात फिरू नका.

तुझा मेसेज पोचला. ‘नवी आवृत्ती खेळ, काय वाटलं सांग, मग पाच तारखेचं ठरवू.’ गेमचा अभिप्राय आणि घटस्फोटाची तारीख एका ओळीत बसवणं तुलाच जमतं. उत्तर मेसेजनंच देणार होते. पण तू लगेच काहीतरी गंमत लिहून पाठवतोस आणि माझं बोलणं तिथंच राहतं. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा कागद घेतला आहे. शेवटपर्यंत वाच.

तर तुझा गेम ‘उगाच’, वाढीव आवृत्ती.

मी लॅपटॉप उघडून बसले तर पप्पा शेजारी खुर्ची ओढून आले. म्हणाले, “ह्यात करायचं काय असतं?” मी सांगितलं, खंडाळ्यातल्या एका बंगल्यावर श्रीपती नावाचा राखणदार आहे, तो म्हणजे आपण. मालक यायच्या आत घर लावून ठेवायचं. आणि कानात एक माणूस सतत बोलत असतो, आता श्रीपती हे करणार, आता श्रीपती ते करणार. त्याचं ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर तो चिडतो. पप्पा म्हणाले, “म्हणजे तुझ्या आईसारखं.”

सुरुवातीला तो नाव विचारतो तिथं पप्पांनी स्वतःचं पूर्ण नाव हौसेनं टाइप केलं. सांगणाऱ्याचा, म्हणजे तुझाच आवाज आला, “ह्ये काय नाव हाय व्हय? असलं आमी न्हाई म्हननार. तू आपला श्रीपतीच.” पप्पा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जावयानं सासऱ्याला असं बोललेलं त्यांना पहिल्यांदाच आवडलं असेल. खूप दिवसांनी आमच्या घरात तुझा आवाज घुमला. आई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

आता खरा अभिप्राय. नवं जे घातलंस त्यातलं निम्मं छान आहे. सांगणारा स्वतःच म्हणतो ना, “वाढीव म्हंजी काय, त्याच आमटीत पानी वाढवलंय,” ते मला फार आवडलं. मालकाचा कुत्रा सांगणाऱ्याचं ऐकतो आणि श्रीपतीचं ऐकत नाही, तेही मस्त. माळ्यावरचा भाग लांबलाय, काप. आणि मी पूर्वी काही न करता वऱ्हांड्यात दरी बघत उभी राहायचे, तेव्हा तू माझ्यासाठी म्हणून लिहिलेलं वाक्य, “बाई, किती येळ उबं ऱ्हानार, दरी काय पळून चाल्ली न्हाई,” ते ठेवलंस. ते काढलं असशील असं वाटलं होतं. शुद्धलेखनाचा मात्र आनंदच आहे. खेळाडूंसाठी खाली जे लिहून येतं, त्यात ‘दरि’, ‘पाणि’, ‘आमटि’. तुझा पहिल्या वेलांटीवर जीव आहे. पहिल्या आवृत्तीच्या वेळी मी एकेक ओळ तपासून दिली होती. आता तपासायला कुणी नाही, हे दिसतं.

लोकांचे अभिप्रायही वाचले. कुणी म्हणतं जुनंच आहे, कुणी म्हणतं पोट दुखेपर्यंत हसलो. पण सगळ्यांची चर्चा एकाच गोष्टीची आहे, जिन्याखालच्या त्या दाराची. ते पुन्हा नाव विचारतं, पण कुठलंच नाव घालून उघडत नाही. पुण्याचा एक मुलगा त्याच्या चॅनलवर बसून सुचेल ते नाव टाकत होता. तेजल, पवन, समीक्षा, मालकाचं नाव, कुत्र्याचं नाव. दर नावाला तुझा आवाज वेगळी खिल्ली उडवतो आणि बघणारे खाली हसरी तोंडं टाकत जातात.

मला दाराशी उभं राहिल्याबरोबर कळलं होतं, प्रज्ञेश. दोन दिवस मी त्या दाराकडे फिरकले नाही. स्वयंपाकघरात भांडी लावत बसले, कुत्र्याला जेवायला घातलं. मग परवा पप्पा बाहेर गेल्यावर तिचं नाव टाइप केलं. संबोधी.

तुझा आवाज म्हणाला, “ह्ये काय नाव हाय व्हय? कुनी ठिवलं? जा, दुसरं आन.”

मी लॅपटॉप मिटला. कुणी ठेवलं? आपण ठेवलं. आपल्या भांगरवाडीच्या खोलीत, मला सातवा लागला तेव्हा. तू माझ्या पोटाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला होतास आणि तिनं लाथ मारली होती. औंढ्याच्या आईंनी बजावलं होतं, “पौर्निमा येऊं दे. वंदना झाली का मंग समद्यांम्होरं घ्यायचं नाव. आदी कुनाफुडं बोलू न्हाई.” आपण पाळलं. कुणी विचारलं की तू म्हणायचास, सरकारी गुपित आहे. मग ती लवकर आली, आणि दवाखान्यात त्या काचेच्या पेटीवर त्यांनी चिकटवलं, ‘बेबी ऑफ चैताली’. सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, चैताली आज थोडं दूध प्यायली, चैतालीचा श्वास बरा आहे. मी शेजारी बसून माझंच नाव ऐकायचे. पौर्णिमा अगदी जवळ आली होती. ती तिथवर पोचली नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला तिला मातीत ठेवलं तेव्हाही कुणी नाव विचारलं नाही, आणि आपणही सांगितलं नाही.

हे आपण कधी बोललो नाही. तू बोलू दिलं नाहीस. घरी आल्यावर तू त्या सांगणाऱ्याच्या आवाजात बोलायला लागलास. ‘आता चैताली उठनार.’ ‘आता चैताली च्या टाकनार, साखर इसरनार.’ मला हसवायला बघत होतास, मला कळत होतं. पण त्या दिवशी मी कपाटातून तिची टोपडी काढली आणि तू दारातून म्हणालास, “आता चैताली रडनार.” मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. सगळ्यांना सांगितलं, आमचं जमत नाही. खरं कारण मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, तुलाही.

तर परवा मला वाटलं, ह्या माणसानं आता तिच्या नावाचीही थट्टा करून ठेवली. रात्रभर मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. काल शाळेत पेपर तपासत होते. एका पोरानं ‘पाणि’ लिहिलं होतं. मी सवयीनं लाल गोल केला आणि हात तिथंच थांबला.

घरी येऊन चप्पल न काढताच टाइप केलं. संबोधि. पहिली वेलांटी.

दार उघडलं.

तुला कसं लिहायचं ते माहीतच नव्हतं रे. आपण ते कधी लिहिलंच नव्हतं. ना दाखल्यावर आलं, ना पत्रिकेवर, ना पेटीवरच्या त्या चिठ्ठीवर. तू ते फक्त ऐकलं होतंस, अंधारात, माझ्या तोंडून.

आत काय आहे ते तुला सांगायला नको, पण मी काय पाहिलं ते सांगते. लोखंडी बाक, काचेची भिंत, पलीकडे निळ्या उजेडात पेट्या. एका पेटीपाशी एक बाई पाठमोरी बसलेली. ओढणी माझी आहे. श्रीपतीला काचेपुढे जाता येत नाही. आणि इतका वेळ तोंड न मिटणारा तो सांगणारा तिथं एक शब्द बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो, लांबून घाट चढून आलेल्या गाडीचा भोंगा. म्हणजे तू आपल्याच खोलीत माइक लावून बसला होतास आणि तुला बोलता आलं नाही.

मी तशीच बघत राहिले. मग ती बाई वळते. काचेत श्रीपतीचं तोंड दिसतं आणि ते हसतं. ती पुन्हा पेटीकडे वळली की हसू जातं. आणि मग जे तोंड काचेत उरतं, ते मी कधीच पाहिलेलं नव्हतं. दवाखान्यात मी आत असताना तू बाहेर वॉचमनशी हसत उभा असायचास, आणि त्याचा मी किती राग धरला होता. मी वळायचे तेव्हाच तू हसायचास, हे मला आत्ता कळलं. मग ते दुसरं तोंड मला दिसणार कसं?

मला ते बंद करवेना. तू तिथं एकटा बसून राहशील असं वाटत होतं. पप्पांनी जेवायला हाक मारली, मग आत येऊन बघितलं. चार्जर त्यांनीच काढून ठेवला. थोड्या वेळानं बॅटरी संपून पडदा आपोआप काळा झाला.

अभिप्राय म्हणशील तर, तुझ्या हातून याच्याइतकं चांगलं काही झालेलं नाही. आणि मी परत येणार नाही. दोन्ही खरं आहे. ते तोंड तू मला तेव्हा घरात दाखवलं असतंस तर मी कुठंही गेले नसते. तुझ्यावरचा राग गेला, काल रात्री सगळा गेला. पण तुझा आवाज कानावर पडला की मी टोपडं हातात घेऊन त्या कपाटापाशी उभी असते. मी तुला समजून घेतलं, पण कानांना ते कळत नाही. उरलेलं आयुष्य मी तुझ्याशी बोलताना अंग चोरून राहीन आणि तू हसत राहशील. तसं नको.

दार ठेव. काढू नकोस. कुणाला तरी सापडू दे, कुणीतरी तिचं नाव घेऊ दे. फक्त ती वेलांटी दुरुस्त कर. आज जो कुणी तिचं नाव नीट लिहील, त्यालाच तू हसतो आहेस. दुसरी वेलांटी, प्रज्ञेश. मी इथं पुन्हा लिहून देते, बघून घे: संबोधी.

पाच तारखेला मी येते. वकील म्हणाले, कोर्टात साहेब दोघांना विचारतील, मूलबाळ आहे का, आणि कागदात लिहिलंय तसंच ‘नाही’ म्हणा, उगाच गुंता नको. मला ते म्हणता येईल की नाही माहीत नाही. मी तुझ्याकडे वळून बघेन. त्या वेळी हसू नकोस.

पाच तारखेपर्यंत तुझीच,
चैताली