तिसऱ्या दिवशी भारूड

अमडापूर,
दि. ४ डिसेंबर २०२४

श्री. इंद्रभान यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. हल्ली टपालानं बँकेची नाहीतर कोर्टाची नोटीस येते. हे त्यातलं काही नाही, तेव्हा निवांत बसून वाचा.

इकडे सर्व ठीक आहे. थंडी चांगली पडली आहे, तुमच्या हरभऱ्याला मानवत असेल. मुलगा नोकरीमुळे आठवडाभर बुलढाण्याला असतो. घरात मी आणि सून समता. ती हायस्कूलवर मराठी शिकवते, म्हणजे माझ्याच खुर्चीवर बसते म्हणा ना.

पत्राचं कारण असं. कोरोनात बंद पडलेला आपल्या वाचनालयाचा कला महोत्सव यंदा पुन्हा सुरू होतो आहे. जानेवारीची २४, २५ आणि २६, शुक्रवार ते रविवार. पहिल्या दिवशी मुलांचं लेझीम आणि चित्रांचं प्रदर्शन. चित्रं वाचनालयात दोऱ्या बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवायची असं ठरलं आहे. दुसऱ्या दिवशी बायकांची जात्यावरची गाणी. त्यांना मंचावर खरीखुरी दोन जाती हवी आहेत, आणि मंच तेवढं वजन पेलेल की नाही यावर परवा दीड तास चर्चा झाली. त्यानंतर एक एकांकिका. समितीत सगळी तरुण मंडळी आहेत. भांडतात, पण कामं करतात. मला ते बघायला बरं वाटतं.

कार्यक्रमपत्रिका मी लिहितो आहे. रविवारी संध्याकाळी सातची ओळ कोरी आहे. मंडळींना ऑर्केस्ट्रा हवा होता. मी कळवलं की शेवटच्या दिवशी भारूड हवं, आणि भारूड म्हणजे उंद्रीचे इंद्रभान. एकानं विचारलं, "ते अजून करतात का?" मला उत्तर देता आलं नाही.

तर आपण यावं अशी विनंती आहे. पत्रिका दहा जानेवारीला छापायला जाते. सूत्रसंचालन यंदा समता करणार आहे. तीस वर्षं मी केलं, आता पुरे. मी लिहून देतो, ती बोलते.

फोन करण्याच्या भानगडीत पडू नका. माझ्या फोनचं जरा असंच आहे. दोन ओळी लिहून कळवा.

घरी सर्वांना यथायोग्य.

आपला,
अनंत


उंद्री,
ता. १४ डिसेंबर

अनंत मास्तर यायले इंद्रभानचा रामराम.

तुमचं पत्र भेटलं. आपन दोघं चौथीपासून एका बाकावर बसलो, अन् तुमी मले 'आपण यावं' लिहिता. मी सूनबाईले इचारलं, हे पत्र दुसऱ्या कोनाचं त नाई? थे म्हणे, नाई मामाजी, नाव तुमचंच आहे. मंग मीबी तुमाले तुमीच म्हणतो.

तुमी नाई म्हटलं तरी मी फोन केला. दोनदा केला. पयल्यांदा तुमच्या सुनेनं उचलला. मी म्हटलं, मास्तरले द्या. थे म्हणे, "बाबा आता बोलत नाहीत." आता बोलत नाईत म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, त कोनीतरी घेतला अन् बोललंच नाई. नुसतं घर्र घर्र. मी हालो हालो केलं अन् ठेवून देल्ला. म्हणजे माह्याशी दोन शब्द बोलाले तुमाले जड जाते, पन भारूड पायजे.

अकरा वर्सं झाले. तुमी इसरले असान, मी नाई इसरलो. याच महोत्सवात मी मंचावर उभा होतो. भारूड रंगात आलं होतं. तुमी आले अन् माह्या हातातून माईक घेतला. वेळ झाली म्हणाले. वेळ होत असते, त्याचं मले काई नाई. पन तुमी वरून म्हणाले, "इंद्रभानला जाऊ द्या, घरी म्हशी वाट पाहत आहेत." अख्खा मांडव हासला. रुखमा पयल्या रांगेत बसेल होती, नवं लुगडं नेसून.

घरी आल्यावर तिनं माही टोपी, घुंगरू, अंगरखा, सारं पेटीत ठेवलं. म्हणे, आता लोकायच्या गावात हसू करून घ्याले नाई जायचं.

पाच वर्सं झाले, रुखमा गेली. तवा अमडापूरचे शंभर माणसं आले होते. मी एकेक तोंड पाहून राह्यलो होतो. तुमचं नाई दिसलं.

तवा भारूडासाठी दुसरा मानूस पाहा. आमचं सारं बरं आहे.

इंद्रभान
रा. उंद्री


अमडापूर,
दि. २० डिसेंबर २०२४

इंद्रा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता 'आपण' नाही, 'तुम्ही' नाही.

फोनचं आधी सांगतो. समता तुला खरं तेच बोलली. मी बोलत नाही, कारण मला बोलता येत नाही. उन्हाळ्यात आवाज बसला होता. मी काढे प्यालो, हळद-दूध प्यालो, आणि तंबाखू तेवढी सोडली नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून पाहिलं आणि गाठ आहे म्हणाले. सप्टेंबरमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला भोक आहे, श्वास तिथूनच घेतो. गाठ पूर्ण निघाली, जेवण जातं, तब्येत चांगली आहे. पुढं एक यंत्र बसवून थोडंफार बोलता येईल म्हणतात, पण अजून तिथवर मन जात नाही. समतानं कोणाला सांगू नये म्हणून मीच तिला शपथ घातली होती. समितीतल्या पोरांना घरी येतात म्हणून माहीत आहे. बाकी गावाला वाटतं मास्तर आजारी आहेत. ऑगस्टनंतर मी दवाखान्याखेरीज घराबाहेर पडलेलो नाही.

दुसऱ्यांदा फोन मीच घेतला होता. पहिल्या दिवशी समताच्या हातातल्या फोनमधून तुझा आवाज बाहेर ऐकू आला, आणि रात्रभर मनात म्हणत राहिलो की उद्या वाजला तर आपण घ्यायचा. घेऊन काय करणार होतो, देव जाणे. तू हॅलो हॅलो करत होतास. ते घर्र घर्र म्हणजे माझा श्वास होता. तू ठेवलास तरी मी फोन कानाला लावूनच बसलो होतो. समतानं येऊन तो हातातून काढून घेतला.

हे वाचून तू म्हणशील, बरं झालं, केल्याचं फळ मिळालं. तू तसं म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे, पण मी स्वतः बरेच दिवस म्हणत होतो. आता म्हणत नाही. हे तंबाखूनं झालं. तुझ्याशी जे केलं ते वेगळं, आणि त्याचा हिशेब कोणत्याही आजारानं पुरा होत नाही.

मी काहीही विसरलेलो नाही. त्या दिवशी वेळ झाली नव्हती, इंद्रा. तुझ्यानंतर बोलणारे पाहुणे अजून वाचनालयात चहा घेत होते. अर्धा तास तरी सहज होता. तू भारुडात मास्तरचं सोंग आणलं होतंस. तो मास्तर पोरांना नांगराचे भाग तोंडपाठ करायला लावतो आणि स्वतःला बैल जुंपता येत नाही. लोक हसत होते, आणि हसता हसता मान वळवून माझ्याकडं बघत होते. तीस वर्षं मी त्या मंचावर बोललो, टाळ्या मिळवल्या, पण असं पोट धरून माणसं माझ्या बोलण्यावर कधी हसली नाहीत. ते मला सहन झालं नाही. म्हणून माईक घेतला. म्हशींचं बोललो ते तर घरून ठरवूनही आलो नव्हतो. तोंडातून गेलं आणि लोक हसले, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. मग रुखमावहिनींकडं नजर गेली.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी निघालो होतो. उंद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. समोरून आपल्या गावची माणसं परत येत होती. त्यांनी विचारलं, "मास्तर, आत्ता?" मी म्हणालो, दुसऱ्या कामानं आलो आहे. आणि पुढच्या गाडीनं परत फिरलो. ही गोष्ट मी आजवर घरातही सांगितलेली नाही.

हे भारुडासाठी लिहीत नाही. मंडळींना मी कळवलं आहे की ऑर्केस्ट्रा पाहा. तू येऊ नकोस, पण मी बोलायला नको म्हणून गप्प होतो असं मनात धरू नकोस. एवढंच.

काही सुचत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

अनंता


उंद्री,
ता. ८ जानेवारी, बुधवार

अनंता,

तू रविवारी घरी येऊन गेला. मी वावरात होतो, तुरीवर मळणीयंत्र लागलं होतं. तुले फोन करून इचारता येत नाई घरी हाय का म्हणून, हे माह्या ध्यानातच नाई आलं. नाईतर मी थांबलो असतो.

संध्याकाळी सूनबाईनं सांगतलं. म्हणे, एक मास्तर आले होते, गळ्याले मफलर गुंडाळेल. काई बोलले नाई. मी म्हटलं मामाजी वावरात आहेत, त यायनं हात जोडले अन् भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. शेवंतीचा हार आणला होता. स्टुलावर चढून सोताच घातला. मंग फोटोसमोर खाली बसले, खुर्ची देल्ली तरी बसले नाई. तासभर बसले. चहा घेतला. जाताना नातीची वही मागून घेतली, त्यात काईतरी लिहिलं अन् गेले.

मी वही पाह्यली. दोनच शब्द. 'उशीर झाला.'

अनंता, मी दोन दिवस वावरात गेलोच नाई. ओसरीत बसून राह्यलो. तुहा राग कराले गेलो त पुरा सापडे नाई. थोडासा हाय अजून, खोटं काऊन सांगू? म्हशीचं तू बोलला थे मले अजून लागते. पन तुहं दुसरं पत्र आलं तवापासून एकच गोष्ट डोक्यात घोळून राह्यली. मी हालो हालो करत होतो अन् तू तिकडं ऐकून राह्यला होता. मी मनात तुले काय काय बोललो असीन. थे तू माफ कर.

काल पेटी उघडली. अकरा वर्सांत मी तिले हात लावला नव्हता. वाटलं, कसरीनं सारं खाल्लं असन. पाहतो त अंगरखा जसाच्या तसा. घड्याघड्यात कडूलिंबाचा पाला, सुकून चुरा झालेला. सूनबाई म्हणे, "मामाजी, तुमाले माईत नाई? आत्याबाई दर साली दिवाळीच्या आंधी पाला बदलत. त्या गेल्या तवापासून मी बदलून राह्यली. त्यायनंच सांगून ठेवलं होतं." मी म्हटलं, मले काऊन नाई सांगतलं? थे म्हणे, तुमी कधी इचारलं नाई.

म्हणजे रुखमा मले जाऊ नको म्हणे, अन् अंगरखा जपून ठेवे. मले आता समजून राह्यलं. घुंगराची दोरी तेवढी सडली, थे नवी ओवून घेतली.

तर मी येतो. पन एक हाय. मी एकटा मंचावर नाई उभा राहत. माह्या भारुडात मास्तर लागते, अन् यावेळी मास्तरचं सोंग मी नाई घेत. खरा मास्तर पायजे. तू म्हणशीन, मले बोलता येत नाई. अरे, तुले बोलायचं कुठी हाय? तू खुर्चीवर बस. मी तुले उलटेसुलटे सवाल इचारीन, तू नुसता माह्याकडं पाय, जसा वर्गात पाहे. अमडापूरचे अर्धे मानसं तुह्या हाताखालून गेले. कोनालेबी इचार, थे पोट्टे तुह्या आवाजाले नाई भेले, तुह्या डोयाले भेले. तू एकदा पाह्यलं का मांडवातले आजे-पंजे हात बांधून बसतीन, अन् मंग जे हासतीन थे पाय तू. आपल्या दोघायवर हासतीन. हासू दे.

मफलर गुंडाळायचा का नाई, थे तुहं तू ठरव. थंडी वाजली त गुंडाळ. लाजेसाठी नको गुंडाळू.

मी सोंगाची बांधणी मनात केली हाय, पन तुह्यासंगं बसल्याशिवाय पक्की होत नाई. बाराले पोरं जिजाऊ जयंतीले सिंदखेडराजाले जातीन, म्हणून तालीम तेराले ठेव. मी सकाळच्या गाडीनं येतो. दिवसभर थांबीन. समताबाईले सांग का माह्यासाठी काई येगळं करू नका, तुमी जे जेवसान थेच मी जेवीन. तुले जे बोलायचं हाय थे लिहून ठेव, मी हळूहळू वाचत जाईन. मले वाचाले वेळ लागते, पन आपल्याले कोनती घाई हाय?

पत्रिका परवा छापाले जाते म्हणतो. हे पत्र मी टपालात नाई टाकत, उद्या बाजारले जाणाऱ्या मानसाजवळ देतो, म्हणजे टायमावर पोचन. रविवार सात वाजताच्या ओळीत ऑर्केस्ट्रा लिहिला असन त खोड अन् लिही, भारूड. नाव माह्या एकट्याचं नको. दोघायचं लिही, अन् तुहं पयले.

बाकी तेराले भेटल्यावर. तू ऐक, मी बोलतो.

तुह्या बाकावरचा,
इंद्रा