भाईदासबाबांचा खर्ज

३ एप्रिल १९३८, शहादा

कापसाचा सीझन संपला. जिनिंगचं इंजिन थंड. ऑफिसात नुसतं बसायचं. म्हणून आजपासून रोजनिशी, आणि आजपासूनच ग्रामोफोनची दुरुस्ती.

यंत्र कै. सासऱ्यांचं. भाईदासबाबा गेले तसं तेही मुकं झालं. सासूबाई ब्राह्मणपुरीहून कायमच्या आमच्याकडे आल्या तेव्हा एक ट्रंक आणि हे, एवढंच आणलं. सोबत एकच तबकडी. तीत खुद्द बाबांचं भजन आहे. मुंबईच्या कंपनीने हौसेने भरून घेतलं, खपलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना त्यांचा आवाज एकदा कानावर पडावा, एवढीच सासूबाईंची इच्छा. त्यांना दिसतं कमी, ऐकू मात्र मुंगीचंही येतं. म्हटलं, पडेल.

मंगला म्हणाली, नंदुरबारले मेहबूब घड्याळवाला शे, त्यानाकडे ली जा. बायकोच ती, तिला काय कळणार. इंजिनाच्या शेजारच्या खोलीत मी अकरा वर्षं कारकुनी करतो आहे. कानावर पडून पडून माणूस मेकॅनिक होतो.

निश्चय: रोज सकाळी दोन तास.

६ एप्रिल

तीन दिवस लग्नाच्या पंगती. नाइलाज.

९ एप्रिल

खोललं. आत उंदराचं घर. ते काढलं. मग एक झाकण काढलं, तर आतून काहीतरी फुत्कारलं आणि लोखंडी पट्टी सापासारखी ओसरीभर पसरली. मंगला किंचाळली. मी नाही. ही स्प्रिंग. सोपं यंत्र आहे: चावी दिली की ही आवळते, सुटताना तबकडी फिरवते, आणि गव्हर्नर नावाचा भाग वेग सांभाळतो.

हाताला पाच ठिकाणी कापलं. हळद लावली.

१५ एप्रिल

स्प्रिंग आत बसली. थोडी बाहेर राहिली होती, तीही बसवली. सगळं कोरडं ठणठणीत होतं. यंत्राला तेल लागतं हे ऑफिसात कोणालाही विचारा. गाडीच्या आखाला घालतात ते वंगण गाडीवान दोधूच्या बैलगाडीला टांगलेल्या नळ्यातून आणलं आणि गव्हर्नरसकट सगळीकडे सढळ हाताने भरलं. दोधूने विचारलं, इतलं कसाले? त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी सासूबाई कर्ण्यापाशी बसल्या होत्या. कर्ण्यात तोंड घालून हळू काहीतरी बोलत होत्या. मला पाहून पदर सावरला.

२४ एप्रिल

ऊन असं की कावळेही ओरडत नाहीत. तबकडी फिरते! अंमळ सावकाश फिरते, पण नव्याने जोडलेलं यंत्र सुरुवातीला जडच असतं. पितरांच्या आधी भजन ऐकू नये असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून सुई टेकवली नाही. मलाही घाई नाही. अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. आमचे हेडक्लार्क डोंगरसिंग गिरासे यांनाही. सर्वांना सांगितलं, यंत्र खोटं बोलत नसतं. आवाज भरला तसाच्या तसा बाहेर येणार.

आखाजी, दुपार

लिहावंसं वाटत नाही, पण नियम म्हणजे नियम.

घागर भरली. वर खरबूज, आंबे ठेवले. चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांच्या नावाने घास टाकला. धूर निघाला. मग मी चावी दिली आणि सुई ठेवली.

आतून जो आवाज आला तो माणसाचा होता, एवढं म्हणता येईल. विहिरीच्या तळाशी कोणी पडलंय आणि कण्हतंय, तसा. भजनाचं पालुपद 'पाव ना रे' असं आहे. ते आलं 'पाऽऽऽ... नाऽऽऽ...' असं. पोरं आयांना बिलगली. गिरासेसाहेबांनी हळूच विचारलं, हे असेच गायचे का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, हो, बाबांचा खर्ज फार मोठा होता.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. म्हणाल्या, त्या पानी मांगी ऱ्हायनात.

हातातल्या तांब्याचं पाणी त्यांनी कर्ण्यात ओतलं.

५ मे

कर्णा वाळला. यंत्राला काही झालेलं नाही.

सासूबाईंनी पाणी सोडलं. म्हणतात, त्यास्नी तहान भागस नही तोवर मन्हा गळाखाले पानी उतरनार नही. स्वतःच्या वाट्याचं पाणी घागरीत ओततात आणि रोज दुपारी तबकडी लावायला सांगतात. रोज बाबा कण्हतात. मंगला चमच्याने चार थेंब पाजते, त्यातले दोन बाहेर येतात.

मंगला म्हणाली, सांगी टाका तिले, मशीन हळू फिरस म्हनीसन. म्हटलं, तसं सिद्ध झालेलं नाही. शिवाय गिरासेसाहेबांनी ऑफिसात खर्जाबद्दल सर्वांना सांगितलं आहे.

७ मे

सासूबाईंचे ओठ फुटले. आज त्या झोपेत बाबांशी बोलत होत्या, थोडा थांबा, मी येस. मंगला ऐकत दाराशी उभी होती. मला जेवण वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

वैद्यांनी नाडी पाहिली. म्हातारं शरीर, असं ऊन, आणखी दोन दिवस निघाले तरी खूप, म्हणाले. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. कर्णा मात्र सगळ्यांकडे तोंड करून बसला आहे. मी त्यावर धोतर टाकलं, तर कोणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन बसल्यासारखं दिसू लागलं. काढलं.

निश्चय: उद्या सांगायचं.

८ मे, सकाळ

सांगितलं. म्हणालो, सासूबाई, वंगण जास्त झालं, यंत्र मंद फिरतं, म्हणून आवाज तसा येतो. बाबा तहानलेले नाहीत. चूक माझी आहे.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात तव्यासारखा तापला होता. म्हणाल्या, जवाई, तुम्ही मन्ही समजूत काढी ऱ्हायनात. मशीन खोटं बोलस नही, तुम्हीच सांगेल व्हतं.

इतक्या वर्षांत त्यांनी माझा एकही शब्द मनावर घेतला नव्हता. घेतला तो नेमका हा.

८ मे, रात्र

वेग वाढवायचा म्हणून चावी आणखी दिली. आणखी दिली. आतून बंदुकीसारखा आवाज झाला. चावी आता नुसतीच फिरते.

पहिल्या गाडीने नंदुरबार. मेहबूबने पेटी उघडली, बोटाला लागलेलं वंगण हुंगलं आणि विचारलं, बाबूजी, इसमें बैल कहाँ जोतते हो? ही स्प्रिंग आता मिळत नाही म्हणाला. त्याने वंगण तेवढं पुसून दिलं.

९ मे

लाज वाटते, पण लिहितो. सासूबाई डोळे उघडत नव्हत्या. मंगला रडत होती. मी तबकडी चढवली, सुई टेकवली, मधल्या कागदावर बोट ठेवलं आणि बोटाने फिरवू लागलो. भीतीने हात जरा जोरातच चालला. बाबा एकदम तरण्या गड्यासारखे चढ्या आवाजात गाऊ लागले. टाळसुद्धा ऐकू आले. 'पाव ना रे, पाव ना रे.' हे भजन इतकं आनंदाचं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

सासूबाईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, गळा मोकळा व्हई गया त्यास्ना. मग पाणी मागितलं. तांब्याभर प्यायल्या. मंगलाने आणखी दिलं, तेही प्यायल्या.

मी अंगणात जाऊन कडुलिंबाकडे तोंड करून बराच वेळ उभा होतो.

१४ मे

सासूबाई उठून बसतात. मात्र पाणी प्यायचं ते बाबा गात असतानाच. सकाळ, दुपार, संध्याकाळ. यंत्र चालतं असं त्या गल्लीत सांगतात. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही. स्प्रिंगच्या जागी मी आहे, एवढाच फरक.

बोटाला फोड आला. उद्यापासून डावा हात. सीझन सुरू झाल्यावर दुपारचं काय, हे मंगलाने विचारलं. म्हटलं, काहीतरी योजना करीन.

२१ मे, दुपार

आज ऊन भयंकर. फिरवता फिरवता डुलकी लागली असावी. बोट मंदावलं. बाबा खाली खाली जाऊ लागले.

सासूबाईंनी तोंडाला लावलेला तांब्या काढून खाली ठेवला.