दिगंबरचा वर गेलेला हात

वालूर, रविवार, दिवेलागण

दिगंबरला जाऊन वर्ष झालं. उद्या त्याच्या नावाने शाळेच्या मैदानावर कबड्डीचे सामने, आणि आधी मी बोलायचंय. लहानपणापासूनची दोस्ती, ऐनवेळी शब्दच सुचले नाहीत तर? म्हणून शाळेतली एक कविता घोकून ठेवली. आज त्याच्या घरी जाऊन वहिनींना म्हणून दाखवली.

"भाऊजी, कविता नका. तुमची कविता सुरू झाली की ते बसल्या जागी घोरायचे."

लबाड! मला म्हणायचा, डोळे मिटून ऐकायलोय.

मग काय सांगू? आठवतं ते एवढंच, तेच वहिनींना सांगितलं. चढाईवाल्याचं बोट निसटतं लागायचं, पंचाला दिसायचंही नाही, तरी हा हात वर करून आपणच बाहेर. आम्ही चिडायचो, तो हसायचा.

"घरातबी तेच," वहिनी म्हणाल्या. "मी असो का सून, भांडायला तोंड उघडलं की यांचा हात वर! जन्मात एकदा पोटभर भांडू दिलं न्हाई." आणि पदर डोळ्यांना.

तो हात काही नजरेपुढून हलत नाही. कविता राहू दे. उद्या हेच सांगेन. शब्द फुटला नाहीच, तर हात वर करून खाली बसेन. वालूरचं मैदान आहे, सगळ्यांना कळेल.