दोष चामड्याचा नव्हता

मी, मर्विन ऑगस्टस टीग, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मासेमारी (आता बंद), राहणार लेक्स एंट्रन्स, व्हिक्टोरिया, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. हातांबद्दल तशी ग्वाही देता येत नाही, म्हणून मजकूर मी सांगतो आहे आणि वकीलबाई मिस ओकेंडन टाइप करत आहेत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. याआधीची माझी मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांतल्या एकात मी कॉलिन प्रॉबर्टबद्दल जे लिहिलं होतं, ते तर जाळूनच टाकावं.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि माझ्या दिवंगत पत्नीच्या नावाची बोट ‘ऑड्री मे’ हे सर्व माझी मुलगी ब्रॉन्विन हिला मिळावं. बोट तीन वर्षं तीच चालवते आहे आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. हे तिला तोंडावर सांगायला मला अजून जमलेलं नाही.

कलम २. माझा मेव्हणा डग्लस याला काहीही नाही. माझी शिडी एकोणीस वर्षं त्याच्याकडे आहे, तीच त्याने ठेवून घ्यावी.

कलम ३. सुकाणूच्या चाकाबद्दल.

“मिस्टर टीग, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत,” मिस ओकेंडन म्हणाल्या.

“माझ्यात लिहितात. तुम्ही टाइप करा.”

चाकाला नवं कव्हर निवडताना ब्रॉन्विनने एवढं पाळावं. रेक्झिन घेऊ नये. दोन उन्हाळ्यांत तडकतं. खाली फोम चिकटवू नये. खारं पाणी आत बसतं आणि स्टीलसुद्धा खातं. काळा रंग नको, इथल्या जानेवारीच्या उन्हाळ्यात हात भाजतात. कांगारूचं कातडं घ्यावं, पातळ पण चिवट. ते ओलं करून, ताणून, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावं, टाके आतल्या बाजूने. आणि सगळ्यात वरच्या आऱ्यावर दोरीची गाठ हवीच. गाठ अंगठ्याला लागली की सुकाणू सरळ आहे हे न बघता कळतं. बंदराच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात, तेव्हा चाकाकडे बघायला सवड नसते.

असं कव्हर मला प्रॉबर्टने शिवून दिलं होतं. आमच्या बंदरातल्या बोटींच्या गाद्या, ताडपत्र्या आणि चाकांची कव्हरं तोच शिवतो. त्याचं पहिलं, गाईच्या चामड्याचं, अकरा वर्षं टिकलं. मग मला गाठ लागेनाशी झाली. मी म्हटलं, चामडं कडक झालंय. त्याने रेक्झिन लावलं. मी म्हटलं, निसटतंय. त्याने डांबर लावलेली दोरी गुंडाळली. मी म्हटलं, बारीक आहे. शेवटी त्याने कांगारूचं कातडं शिवलं आणि गाठ दुप्पट जाड केली.

“मर्व्ह, आता तर आंधळ्यालाही कळेल,” तो म्हणाला.

“मला कळत नाही. तुझा हात गेलाय, कॉलिन. तू आता उशा शिवत जा.”

हे मी मासळीच्या लिलावात, सगळ्यांदेखत बोललो.

“गाठ जागेवर आहे,” एवढंच तो म्हणाला.

त्या हंगामात सहा बोटींनी त्याच्याकडचं काम काढून घेतलं. माझ्या शब्दाला तेव्हा बंदरात वजन होतं. कव्हर मात्र मी बदललं नाही. त्याहून चांगलं कुठे मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका सकाळी आम्ही दांड्यावरून आत येत होतो. मी अंगठ्याने गाठ शोधत चाक फिरवत राहिलो. बोट लाटेला आडवी झाली. ब्रॉन्विनने मला खांद्याने बाजूला ढकललं आणि चाक ताब्यात घेतलं, म्हणून आज हे मृत्युपत्र आहे. धक्क्याला लागल्यावर ती म्हणाली, “बाबा, गाठ तुझ्या अंगठ्याखालून दोनदा गेली. मी बघत होते.”

डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून पाहिली. मला पत्ताच नाही. साखरेच्या आजाराने बोटांतल्या नसा गेल्या होत्या, बहुधा दहा वर्षांपासून. लोकांना वाटलं मी खचलो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. कितीतरी वर्षं निघण्याआधी मी भीतीने घरामागे ओकत होतो. ऑड्री होती तेव्हा तिलाही कळू दिलं नाही. आता तो दांडा ओलांडायला नको. त्या दुपारी मी चार तास गाढ झोपलो.

कलम ४. दोष चामड्याचा नव्हता, दोऱ्याचा नव्हता, प्रॉबर्टच्या हाताचा तर मुळीच नव्हता. तो माझ्या बोटांचा होता, आणि त्याहून जास्त माझ्या तोंडाचा. हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता लिलावाच्या शेडच्या दारावर लावावं. कॉलिन, माझं चुकलं. हे मला सात वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

कलम ५. माझी अ‍ॅल्युमिनियमची छोटी होडी इंजिनासह कॉलिन प्रॉबर्टला द्यावी.

पुरवणी, त्याच दिवशी. हा मजकूर ऐकायला प्रॉबर्टला निरोप धाडला होता. येईल असं वाटलं नव्हतं. तो आला, दाराशीच उभा राहिला आणि टोपी हातात धरून त्याने सगळं ऐकलं. नंतर मिस ओकेंडन म्हणाल्या, की दुसऱ्या साक्षीदारासाठी शेजारच्या बेकरीतून कोणाला तरी बोलावते; ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये.

“मग ते होडीचं कलम खोडा,” प्रॉबर्ट म्हणाला.

“होडी चांगली आहे, कॉलिन.”

“मला बोट लागते, मर्व्ह, धक्का सोडला की उलट्या. चाळीस वर्षं बघतोयस. खोडा ते, बाई, आणि पेन द्या इकडे.”

कलम ५ रद्द.

सही: म. ऑ. टीग (वाकडी असली तरी माझीच)

स्थळ: लेक्स एंट्रन्स. दिनांक: ९ मे २०१९

साक्षीदार:

१. हेस्टर ओकेंडन, वकील.

२. कॉलिन प्रॉबर्ट, कव्हरं शिवणारा. मर्विनने माझ्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीवर होता. सात वर्षांपूर्वी नव्हता, पण त्याबद्दल माझी आता काही तक्रार नाही.