लगद्याच्या फळ्यांच्या घराची निरवानिरव

सही करणार मी, गोदावरीबाई भ्रतार कै. वेणीमाधव केमकर, वय सुमारे साठ, धंदा लगद्याच्या फळ्या करणे, राहणार सात रस्त्यानजीक, सोलापूर. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय करावे, ते स्वखुशीने लिहून ठेवते. ताप येऊन जातो, पण डोके ठिकाणावर आहे. अक्षर माझे आहे. शेजारी बसून कोणी सांगत नाही. शेजारी बसायला कोणी नाही.

१. मिळकत माझ्या कष्टाची आहे. सासरच्या कोणाचाही तिच्यावर हक्क नाही. ती कशी झाली, ते सांगून ठेवते.

यजमान कोर्टात कारकून होते. प्लेगात गेले. मूलबाळ नव्हते. धाकटे दीर गंगाधरपंत यांनी मला मागची पडवी राहायला दिली. तिची एक बाजू उघडी होती आणि थंडीत वारा थेट अंथरुणावरून जाई. मी म्हटले, "भावोजी, चार फळ्या ठोकून द्या." ते म्हणाले, "लाकडाचे भाव ठाऊक आहेत का, वहिनी? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही तेच म्हणाले.

माहेरी आई रद्दी भिजवून, तीत मेथी वाटून घालून टोपल्या करीत असे. तसाच लगदा मी केला. नुसत्या कागदाची फळी वाकली, म्हणून पीरसाब यांच्या लाकडाच्या वखारीतून भुसा मागून आणला, खळीत कालवला आणि शहाबादी फरशांखाली दाबून ठेवला. पहिल्या फळ्या वाळवीने खाल्ल्या. मोरचूद घातल्यावर दुसऱ्या टिकल्या. मीच त्या पडवीला ठोकल्या. उरलेल्या स्वयंपाकघराकडच्या कुडाला लावल्या, कारण तिकडून धूर येई.

धूर थांबला. त्याबरोबर घरातले बोलणेही ऐकू येईनासे झाले. जेवताना चाललेली थट्टा, मुलांची भांडणे, कोण कोणावर रुसले, एवढेच तर त्या घराचे माझ्या वाट्याला येत होते. मी फळीला बोटभर भोक पाडले.

माझी धाकटी जाऊ रुक्मिणी हिने ते पाहिले. म्हणाली, "जाऊबाई, हे भोक कशाला?"

"हवेसाठी."

"स्वयंपाकघरातून कसली हवा येते?"

दुसऱ्या दिवशी गंगाधरपंतांनी गवंडी आणून भोक चुन्याने बुजवले. गंगाधरपंत आता हयात नाहीत. त्यांना मी क्षमा केलेली नाही. हे वाक्य कोणी खोडू नये.

२. पीरसाब यांची बहीण बिस्मिल्ला हिने माझ्या फळ्या हाताने ठोकून पाहिल्या होत्या. "बाई, आमच्या पत्र्याखाली ह्या लावल्या तर? उन्हाळ्यात लेकरं भाजत्यात की." आम्ही दोघींनी मिळून तिच्या खोलीला तक्तपोशी केली. त्या उन्हाळ्यात शेजारणी दुपारच्या तिच्याकडे येऊन बसू लागल्या आणि मग गिरणीकडच्या चाळींतून मागणी आली, म्हणून आम्ही दोघी पीरसाब यांच्या वखारीतच फळ्या करू लागलो. मी पडवी सोडली. मुसलमानाच्या वखारीत काम करते म्हणून दिरांकडून श्राद्धपक्षाचेही बोलावणे बंद झाले. पुढे ही जागा घेतली. खांब लाकडाचे, भिंती आमच्या फळ्यांच्या.

लोखंडी दाब, फरशा, भिजवणाचा हौद आणि सगळा धंदा बिस्मिल्लाचा. तिने मेथी घालताना हात आखडू नये. दिवसभर आम्ही दोघी बोलत असू. दिवेलागणीला तिचे घर तिला बोलावी, आणि मग मला दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड उघडायचे कारण नसे. हा तिचा दोष नाही.

३. यजमानांची पगडी पुतण्यांना द्यावी. त्यांनी ती कधी मागितली नाही. त्या घरात एका खुंटीवर तरी वेणीमाधव असावेत.

माझी क्रिया यज्ञेश्वरभट सांगतील तशी, थोडक्यात करावी. पुतण्यांना मुद्दाम बोलावू नये. आले तर परत पाठवू नये.

४. राहिले घर.

गंगाधरपंत गेल्यावर मुलांनी रुक्मिणीची खाट जिन्याखाली हलवली. ती दिवसभर सिद्धेश्वराच्या देवळात बसते, असे ऐकून श्रावणात मी तेथे गेले. तिनेच विचारले, "जाऊबाई, धंदा चालतो ना?"

"चालतो. तू माझ्याकडे राहायला ये."

"मुलांची नाचक्की होईल हो." मग खाली बघत म्हणाली, "इतक्या वर्षांत मी तुम्हाला पाण्यालासुद्धा विचारलं नाही. आता कोणत्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडाने ये."

ती हसली, पदराने डोळे पुसले आणि "बघते" म्हणाली. मी दिवाळीपर्यंत दोघींचा भात लावत होते. ती आली नाही. तिचा वाटा सकाळी फोडणी घालून मी खात असे.

सबब हे घर मी रुक्मिणी भ्रतार कै. गंगाधर केमकर हिला तहहयात राहण्यास देत आहे. मुलांनी तिला येथून काढू नये आणि स्वतः येऊन राहू नये. अंगणात बिस्मिल्ला फळ्या वाळत घालील. रुक्मिणीने तिला हटकू नये, बोलत बसावे. रुक्मिणीच्या पश्चात घर बिस्मिल्लाचे.

या व्यवस्थेची अंमलबजावणी पीरसाब यांनी करावी. किल्ली रुक्मिणीच्या हातात द्यावी, सुनांच्या नव्हे. मी असताना येण्याचा तिला संकोच वाटतो. मी नसताना वाटू नये. तरीही ती नको म्हणाली, तर किल्ली तिच्याजवळ ठेवून निघून यावे आणि पुन्हा विचारू नये. तिला येईल तेव्हा येऊ द्यावे.

सोलापूर, ता. ९ माहे डिसेंबर सन १९३३.

सही: गोदावरीबाई भ्रतार वेणीमाधव केमकर

बाईंनी आम्हां दोघांसमोर वाचून सही केली. आम्ही त्यांच्यासमोर साक्ष घातली.

साक्ष: ईरप्पा गुरुसिद्धप्पा, शाळामास्तर, राहणार कुंभारी
साक्ष: यज्ञेश्वरभट, राहणार सोलापूर