दोन रुपये दंड आणि मोहिनीचा मामा

नाशिक,
१२ मार्च २००३

सहादूराव यांस,

दाजीचा नमस्कार. हरसूलची हवा आणि थोरल्या बहिणीच्या हातची नागलीची भाकरी तुम्हाला मानवली असेल. आमची खुशाली म्हणाल, तर तीन दिवस या घरात चहाची गाळणी सापडत नाही आणि मी, वय वर्षे बावन्न, चहा पत्तीसकट चावून पितो आहे. याची दखल घरात कुणी घेतलेली नाही. देशातही नाही.

कारण घरात सध्या भाषेची साफसफाई चालू आहे. ‘लोक जुगारी मामा म्हणतील, मी लग्नाला येत नाही,’ असं तुम्ही ताईला, म्हणजे आमच्या हिला, फोनवर सांगितलंत. त्याच संध्याकाळी तुमच्या भाचीने, नवरी मोहिनीने, फर्मान काढलं. मामाला जुगारी, लॉटरीवाला वगैरे कुणी म्हणायचं नाही. मामाला जुगाराचा त्रास झाला आणि आठ महिने तो सावरतोय, एवढंच म्हणायचं. चुकेल त्याने शेवयांच्या डब्यात दोन रुपये टाकायचे.

पहिल्याच दिवशी माझे सहा रुपये गेले. (त्यातले दोन आईला नियम समजावून सांगताना.) आईने दहाची नोट आगाऊ भरली आणि पाच वेळा, मोजून, चवीने म्हणून घेतलं. शेजारचे सावळीराम ‘तुमचा लॉटरीवाला कसाय?’ विचारत आत आले आणि दंड भरून घुश्शात निघून गेले. तुम्ही बरे आहात हे ऐकायचं राहूनच गेलं.

खरी फजिती चौथ्या दिवसापासून. आता कोण चुकणार, यावर तुमचा भाचा अमित, आई आणि परत आलेले सावळीराम पैसे लावू लागले. मीही (सांगायला लाज वाटते) स्वतःवर पाच रुपये लावले आणि मुद्दाम चुकून जिंकलो. दुसऱ्या दिवशी दहा लावले. चुकायला तोंड उघडतोय तोवर तुमची ताई आधी चुकली. ते भरून काढायला तिसऱ्या दिवशी वीस.

मोहिनीने तेव्हा पकडलं. चिडली नाही. म्हणाली, “पप्पा, तीन दिवसांत पाचावरून वीसवर आलात. तेही शेवयांच्या डब्यावर. मामासमोर तर लॉटरीचं अख्खं दुकान होतं.”

आईनेसुद्धा पदर तोंडाला लावला. मला मात्र तुमच्या चाळिशीला मी वाचलेलं मानपत्र आठवलं. ‘आकडेमहर्षी’ हे नाव मी दिलं, टाळ्या मी घेतल्या, आणि ते सातपूरला तुमच्या कारखान्याच्या गेटपर्यंत पोचलं. लॉटरीने तुमचा पगार नेला. तोंड लपवायला मी लावलं.

तुमचा,
दाजी

ता. क. लग्न चार मेला आहे. अंतरपाटापाशी मुलीच्या पाठीशी मामा लागतो. सावळीराम उभे राहायला एका पायावर तयार आहेत; पण मोहिनी म्हणते, जागा रिकामी राहिली तरी चालेल, दुसरा कुणी तिथे नको. या, सहादूराव.

ता. क. दुसरा. तुमच्याविषयी काय बोलायचं ते आता घरात सगळ्यांना पाठ आहे. आई सोडून.

ता. क. तिसरा. वर लिहिलेले बाकीचे शब्द दुसऱ्यांचे. मानपत्रातला तेवढा माझा. त्याचे दोन रुपये आत्ता उठून डब्यात टाकून आलो. घरात कुणी नव्हतं.