शेवटच्या खोलीचं गाऱ्हाणं

२६ जाने.
सार्वजनिक सत्यनारायण पार पडला. चाळीत होतो तेव्हा पटांगणात व्हायचा, आता टॉवरच्या पोडियमवरच्या हॉलमध्ये. एसी, खुर्च्यांना पांढरी कापडं. शिऱ्यात केळं कमी पडलं होतं, पण ते सांगायचं कुणाला?

पूजा झाल्यावर तात्या परब गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. ऐंशीच्या पुढे गेलेत, आवाज मात्र तोच. एकेका घराचं नाव घेऊन देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" लहानपणी आपलं घर कधी येतं याची वाट बघत उभी राहायचे. आलं की अंगावर काटा यायचा. अजून येतो.

आज आलं नाही. सावंत झाले, राणे झाले, घाडीगावकर झाले, आणि मग सेक्रेटरींनी माईक घेतला, "चला, आता हाउजी!" माझं 'व्हय म्हाराजा' तोंडातच राहिलं.

कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. द्रोण घेऊन वर आले.

२७ जाने.
एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं सकाळपासून स्वतःला बजावतेय. लागलंय. खूप लागलंय.

आई असताना तात्या म्हणायचे, 'शेवटच्या खोलयेतली शेवंताबाय नि तिची पोरां.' आई गेली, दिलीप लग्न करून विरारला गेला, मग नुसतं 'शेवटच्या खोलयेतली सुनंदा' झालं. आता तेवढंही नाही. बाविसाव्या मजल्यावर मी राहते हे निदान देवाला तरी ठाऊक असायला हवं ना?

दिलीपला फोन लावला. "ताई, मीटिंगमध्ये आहे, करतो."

३० जाने.
दि.चा फोन नाही. मीटिंग लांबली असेल!

१ फेब्रु.
कुंदाच्या स्टेटसला फोटो. ती, मंगल, शैला. दादरला थालीपीठ खाताना. ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजवर आम्ही चौघी एका टेबलाला बसायचो. कानाला हेडफोन, समोर बटणं, अख्खी नोकरी साहेब लोकांचे फोन जोडून देण्यात गेली. सगळ्या ऑफिसला आवाज ओळखीचा, चेहरा कुणालाच नाही.

न राहवून कुं.ला फोन केला. म्हणे, "अगं, तुला गुडघ्याचा त्रास, म्हणून नाही विचारलं."

गुडघा तिचा दुखतो. माझे दोन्ही ठणठणीत आहेत. हे मी तिला सांगितलं नाही, "हो गं, बरं केलंस" म्हटलं. काय माझा स्वभाव! नंतर भांडी आपटत घासली.

५ फेब्रु.
आज दार उघडं ठेवून बसले होते, सहज, वारा यावा म्हणून. इंटरकॉमवर वॉचमन: "मॅडम, काय प्रॉब्लेम आहे का?" चाळीत दार लावलं तर लोक विचारायचे, बरं नाही का म्हणून.

समोरच्या फ्लॅटची वर्षा लिफ्टमध्ये भेटली. साताऱ्याकडची, नवरा पोलिसात, आधी पोलीस लाइनीत राहायचे. गोड हसते. मीही हसते. मग दोघी मजल्यांचे आकडे बघत राहतो.

७ फेब्रु.
आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

तात्या गेटजवळच्या बाकावर बसले होते. मी मान खाली घालून निघाले होते.
"काय गो सुनंदा, तोंड फिरवन खय चल्लंस?"
थांबले. म्हटलं आता बोलायचंच. "तात्या, तुम्ही आमचं घर विसरलात."
"मी? इसारलंय?" काठी आपटली त्यांनी. "अगो, तुझा नाव माझ्या तोंडात होता! त्या मेल्यान माईक काढून घेतल्यान!"

मग कळलं. तात्या डोळे मिटून अजून जुन्या गॅलरीतनं चालतात. नळापासून सुरुवात, मग एकेक दार, मग जिना चढून वरचा मजला, आणि सगळ्यात शेवटी आमची खोली. चाळ पाडली, नळ गेला, जिना गेला. लॉटरीत कुणाला आठवा मजला आला, कुणाला विसावा. तात्यांच्या डोक्यात मात्र सगळे अजून जिथल्या तिथे आहेत. माझी खोली येण्याआधी हाउजी आली, एवढंच.

जीव भांड्यात पडला. हसले, आणि तिथेच बाकावर बसून रडलेही. तात्या दुसरीकडे बघत राहिले, बिचारे.

तरी एक राहतंच. एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही, अहो, सुनंदाचं राहिलं म्हणून. ते अजून टोचतंय.

७ फेब्रु., पुन्हा
वर लिहिलं ते वाचलं आणि एकदम आठवलं. वर्षा त्या दिवशी हॉलमध्ये भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभी होती. तिच्या घराचं नाव आलंच नाही. येणार कसं? ती तात्यांच्या गॅलरीत कधी नव्हतीच. पोलीस लाइनीतले, पलीकडच्या चाळींतले, निम्मा टॉवर त्या गॅलरीत नाही. मला तरी कुठे वाटलं, हिचं राहिलं म्हणून?

९ फेब्रु.
तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "खरा असा. पण माझे पाय चलनत नाय. तू घरोघर जा. काय मागूचा ता इचार. होळयेक घालूया गाऱ्हाणा सगळ्यांचा."
"मी? लोक म्हणतील हिला कामधंदा नाही."
"असा काय तुका?"
नाही. आणि वर त्यांनी एक अट घातली. लिहून आणायचं नाही, पाठ करायचं. "देवाक काय कागद वाचून दाखवतंत?"

नाही म्हणून वर आले.

१२ फेब्रु.
समोरची बेल वाजवली. (दोनदा हात मागे घेतला. मग वाजवली.)
वर्षा: "गाऱ्हाणं म्हणजे काय हो काकू? तक्रार?"
"तक्रारच म्हण. पण आपुलकीची. तुमच्या घरासाठी देवाकडे काय मागायचं?"
ती हसली, मग हसता हसता थांबली. "ह्यांची बंदोबस्ताची ड्युटी लागली की घरी कधी येतील पत्ता नसतो. पोरगी बाबांची वाट बघत सोफ्यावर झोपते. वेळेवर घरी येऊ देत. बाकी काही नको."
आणि मग, "आत या ना. दारात काय उभ्या?"

दुपार तिथेच गेली. भाकरी उत्तम करते. मला गोल जमत नाही कधीच, हे तिने बघितलं आणि मनापासून हसली.

१६ फेब्रु.
अठरावा, एकोणिसावा झाले. लोक आधी दार बोटभर उघडतात, वर्गणी मागायला आले असं वाटतं. "वर्गणी नको, मागणं हवंय" म्हटलं की गोंधळतात. मग बोलतात. आणि एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत.

एक जण: लिफ्ट बंद पडू नये. (हे देवाला सांगू की सेक्रेटरींना?)
एक जण: मुलगी कॅनडाला आहे, तिला तिथे मैत्रीण मिळू दे.
सावंतांची बारावीची सायली: "पर्सेंट नको हो मावशी. परीक्षा संपेपर्यंत आईने गप्प बसावं, एवढं मागा." आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, मागा, मागा!

दाराची बेल मी वाजवायची आणि आतून "कोण?" म्हणून विचारायचं. "मी सुनंदा." किती दिवसांनी इतक्या वेळा स्वतःचं नाव उच्चारलं.

१९ फेब्रु.
पाठांतर चालू. भाजी निवडताना, लिफ्टमध्ये. एक्स्चेंजवर सगळी एक्स्टेन्शन्स तोंडपाठ होती, ती सवय उपयोगी पडली. आता आकड्यांऐवजी माणसं.

नवव्या मजल्यावर एक आजी एकट्याच असतात. मागणं विचारलं तर म्हणाल्या, "मला काही नको गं. तू परत ये." दुसऱ्या दिवशी गेले. आज पुन्हा गेले. त्यांना नीट ऐकू येत नाही, मला मोठ्याने बोलता येतं, जमतं आमचं.

२२ फेब्रु.
आज काही बरं नाही. कुणाकडेच गेले नाही. मनात आलं, ही सगळी माणसं स्वतःचं सांगतात. तुझं काय, हे एकानेही विचारलं नाही. तेवढं कुणी विचारावं म्हणून तर हिंडत नाही ना मी?
हिंडते. असू दे. खरं आहे ते.

२३ फेब्रु.
कुंदाला फोन. म्हटलं, "होळीला गाऱ्हाण्यात तुझ्या गुडघ्याचं घालतेय."
"माझ्या?" मग, "अगं बाई! मी त्या दिवशी तुला..." आणि इतकी हसली, की शेवटी मीही हसले. सॉरी म्हणाली. पुढच्या वेळी दादरला चौघी. बघू. म्हणाली हे खरं.

२५ फेब्रु.
दि. राहिला होता. तो टॉवरमध्ये राहत नाही, पण आमच्या खोलीतलाच ना?
"दिलीप, तुझ्यासाठी काय मागू रे?"
"काय मागायचंय ताई? सगळं मस्त चाललंय. करतो नंतर, हां?"
ठेवला.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा, संगीताचा मेसेज. "ताई, यांना दोन महिने झोप नाही. ऑफिसात माणसं कमी करतायत, यांचंही सांगता येत नाही. कुणाशीच बोलत नाहीत. तेवढं झोपेचं मागा. मी सांगितलं म्हणू नका."

मी त्याच्या फोनची वाट बघत रुसून बसले होते, आणि तो तिकडे जागा.

१ मार्च
तात्यांना सगळं म्हणून दाखवलं. तळमजल्यापासून वर, लिफ्ट जाते त्या क्रमाने. जुनी गॅलरी सुटली म्हणून थोडे खट्टू झाले. मग म्हणाले, "बरा जमला. आणि तुझा काय?"
"माझं काही नाही. दिलीपच्या झोपेचं घ्या."
"ता घेतंय. तुझा काय, इचारलंय."
उठून आले.

२ मार्च, होळी
होळी गेटच्या आत, कोपऱ्यात. फायर अलार्मच्या भीतीने सेक्रेटरींनी पोडियमवर परवानगी दिली नाही. होळी लहानशीच, पण माणसं पुष्कळ. नवव्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवरून आल्या. आपापलं मागणं ऐकायला आले होते सगळे!

तात्यांनी माईक हातातच घेतला नाही. मी त्यांच्या मागे उभी, कानात एकेक घर सांगत. ते मोठ्याने म्हणत, समोरून आवाज येत होता, "व्हय म्हाराजा!" वर्षाला सवय नाही, तिचं प्रत्येक 'व्हय' सगळ्यांच्या मागून एकटंच यायचं. सायलीची आई तर पोरीच्या मागण्याला सगळ्यांत मोठ्याने ओरडली. लिफ्टचं आलं तेव्हा सेक्रेटरीही म्हणाले.

बाविसावा मजला आला. वर्षाचं सांगितलं. पुढचं घर माझं. आणि माझा आवाजच बंद. घरोघर जाऊन नाव सांगणारी मी, तिथे सांगता येईना. तात्यांनी वाट पाहिली. मागे वळूनही बघितलं नाही, डोळे मिटले, म्हणजे गेले असणार ते जुन्या गॅलरीत, टोकापर्यंत.

"शेवटच्या खोलयेतल्या सुनंदाचो भाव विरारात असा, तेका सुखाची झोप लागूंदे रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आणि ही आमची सुनंदा सगळ्यांच्या दाराक जाऊन इचारता, तुमका काय होया. आता हिच्या दाराक कोणी तरी जाऊंदे आणि हिका इचारूंदे, बाये, तुका काय होया, रे म्हाराजा!"

आवाज एवढा आला की गेटबाहेर बसस्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. वर्षाचा याही वेळी मागून, एकटाच. मी काय म्हटलं आठवत नाही. आपल्यासाठी आपणच 'व्हय' म्हणायचं असतं का? तात्यांना विचारायला हवं.

३ मार्च, धुळवड
लिफ्टमध्ये सायली, तोंड हिरवंगार. म्हणाली, "बाये, तुका काय होया?" आणि स्वतःच खिदळली. मी म्हटलं, विचार करून सांगते. खरंच करतेय विचार. अजून ठरत नाहीये.

उठले तेव्हा फोनवर दिलीपचा मिस्ड कॉल दिसला. पहाटे सहाचा. इतक्या लवकर तो कधीच फोन करत नाही. म्हणजे आजही झोप लागली नाही? की लागली, पुरी झाली आणि लवकर जाग आली?

चहा ठेवलाय. उकळला की लावते त्याला.